टोपीपलीकडचे मानकरी

प्रथम श्रेणीच्या 124 सामन्यांत 589 बळी, प्रत्येक बळीमागे सरासरी वीसपेक्षा कमी धावा, आणि भारतासाठी एकही कसोटी नाही. पद्माकर शिवलकरांची कारकीर्द एवढ्या आकड्यांत सांगता येते आणि ऐकणारा लगेच हळहळतो. ही हळहळ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिच्यामागे खरे प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हळहळून माणूस पुढे जातो आणि प्रश्न तिथेच राहतो. मुंबईच्या क्रिकेटमधल्या थोरांची एक कायमची यादी करायची ठरली, तर देशाची टोपी न घातलेल्या या माणसाचे नाव तिच्यात येईल का? येत असेल तर कोणत्या हक्काने? दया म्हणून, भरपाई म्हणून, की कर्तृत्वाच्या बळावर?

या पुस्तकातले लेख त्या प्रश्नातून निघाले. आरे कॉलनीत पहाटे फिरायला येणाऱ्या गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या मंडळींत हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेत शिकवणारे, काही जण ऐन पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग खेळलेले. निवृत्त खेळाडूंपैकी सर्वोच्च सन्मान कुणाला मिळावा, यावर प्रत्येकाचे मत पक्के, आणि ते मांडताना आवाज चढलेला. शेवटी असे ठरले की ज्याला जो खेळाडू यादीत हवा आहे, त्याने त्याची बाजू लिहून काढावी आणि विरोध करणाऱ्याने विरोधही लिहावा. लिहायला बसल्यावर मात्र मते बदलली. बोलताना ज्याच्यासाठी भांडलो, त्याच्याबद्दल दोन पानेही भरत नाहीत, हे काहींना जाणवले. तर ज्याला सहज झटकून टाकले होते, त्याच्यापाशी काही जण थबकले.

सुरुवात आरेपासून करण्याला कारण आहे. ही वसाहत 1949 साली उभी राहू लागली. मुंबईच्या दाट वस्तीतले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा हेतू. त्यामागचे डोके आणि हात दारा खुरोडी यांचे. 1963 साली मॅगसेसे पुरस्कार तीन माणसांना एकत्र मिळाला : वर्गीस कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि दारा खुरोडी. यांपैकी कुरियन यांचे नाव शाळेतले पोरही सांगेल. त्रिभुवनदासांचे नाव गुजरातेत आदराने घेतले जाते. खुरोडींचे नाव मात्र त्यांनीच वसवलेल्या आरेच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्यांतल्याही बहुतेकांना ठाऊक नाही. पुरस्कार एकच, वर्षही एकच, तरी स्मरण इतके वेगळे. आणि खुरोडींच्याही कितीतरी आधीपासून या जमिनीवर वारली पाडे होते. त्यांच्यातल्या एकाही पूर्वजाचे नाव कुठल्या फलकावर नाही. थोरांच्या याद्या कर्तृत्वावर ठरतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात मागे कोण सांगायला उरले, यावर त्या फार मोठ्या प्रमाणात ठरतात. सन्मानयादी करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, असे मला वाटते.

जगात या वादाची सर्वांत जुनी आणि सर्वांत कडाक्याची परंपरा अमेरिकेतल्या बेसबॉलची. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात त्यांचे हॉल ऑफ फेम आहे. पहिली निवड 1936 साली झाली, इमारत 1939 साली उघडली. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा, निवृत्तीला पाच वर्षे झालेली हवीत, आणि बेसबॉलवर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या पत्रकारांची 75 टक्के मते हवीत. 5 टक्क्यांच्या खाली गेला की नाव मतपत्रिकेवरून उतरते. दहा वर्षांत निवड झाली नाही, तरीही उतरते. पुढे मग वेगळी समिती त्याचा विचार करते. दर हिवाळ्यात सारा देश यावर भांडतो. मला त्या पद्धतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे भांडण. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूचा खेळ पुन्हा पाहिला जातो, आकडे पुन्हा मांडले जातात, नव्या पिढीला त्याचे नाव कळते.

त्याच परंपरेने मोठा अन्यायही केला. कृष्णवर्णीय खेळाडूंना 1947 पर्यंत मुख्य लीगचे दार बंद होते. ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळले, आणि त्यांचे आकडे मोजण्याच्या लायकीचे मानले गेले नाहीत. पुढे चूक उमगली आणि 1971 साली सॅचेल पेजपासून त्या लीगमधल्या खेळाडूंना प्रवेश मिळू लागला. 2006 साली एका खास समितीने कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलशी निगडित 17 जणांना एकदम निवडले. पण त्या लीगचा चालता-बोलता इतिहास असलेल्या बक ओनील यांची निवड हुकली. वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते त्या समारंभाला गेले आणि निवडल्या गेलेल्या इतरांच्या वतीने बोलले. काही महिन्यांतच ते वारले. त्यांना सन्मान मिळाला 2022 साली. शिवलकरांविषयीचा लेख वाचताना हा प्रसंग मनात ठेवावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे हॉल ऑफ फेम 2009 पासून आहे. बेदी, गावसकर आणि कपिल देव सुरुवातीपासून त्यात आहेत. मागाहून कुंबळे, द्रविड, तेंडुलकर आले. विनू मंकड यांना यायला 2021 साल उजाडले. 1952 च्या लॉर्ड्स कसोटीत 72 आणि 184 धावा, शिवाय एकाच डावात 73 षटके टाकून पाच बळी, असा पराक्रम करणारा माणूस हॉल ऑफ फेम सुरू झाल्यावरही बारा वर्षे दाराबाहेर उभा होता. 2023 साली मुंबईच्या डायना एडलजी तिथे पोहोचल्या. पण ती यादी आंतरराष्ट्रीय सामन्यांची आहे. रणजी, कांगा लीग, हॅरिस शील्ड, पंचरंगी सामने या सगळ्यांतून जे मुंबई क्रिकेट घडले, 42 रणजी विजेतेपदे ज्यातून आली, त्याला तिथे जागा नाही. वानखेडेवर स्टँडना आणि दरवाजांना नावे आहेत : मर्चंट, गावसकर, तेंडुलकर, मंकड, उम्रीगर, आणि 2025 मध्ये वाडेकर व रोहित शर्मा. ही सगळी नावे आपापल्या जागी योग्यच. मात्र ते सगळे भारताकडून खेळलेले आहेत.

माझे म्हणणे इथे स्पष्ट मांडतो. टोपी द्यायची की नाही हे निवड समितीतली चार-पाच माणसे ठरवतात. बळी गोलंदाज स्वतः घेतो. म्हणून मुंबईच्या यादीचे मोजमाप खेळाडूने स्वतः केलेल्या कामावर व्हावे. दुसऱ्यांनी त्याच्याविषयी घेतलेल्या निर्णयावर होऊ नये. हे वाचायला सोपे वाटते, पण एकदा मान्य केले की यादीतली निम्मी नावे हलतात.

शिवलकरांचेच पाहा. 1972-73 चा रणजी अंतिम सामना चेपॉकला, तामिळनाडूविरुद्ध. खेळपट्टी फिरकीला इतकी अनुकूल की मुंबईचा पहिला डाव 151 वर संपला आणि दुसरा 113 वर. तरी मुंबई 123 धावांनी जिंकली, कारण तामिळनाडूला 80 आणि 61 एवढ्याच धावा करता आल्या. शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत आठ आणि दुसऱ्या डावात 18 धावांत पाच गडी बाद केले. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार गोलंदाजी करत होते, म्हणजे खेळपट्टीचा फायदा दोन्ही बाजूंना सारखाच होता. अशा सामन्यात 13 बळी घेणाऱ्याचे कर्तृत्व दुसऱ्या कुणाच्या सही-शिक्क्यावर अवलंबून ठेवायचे कशाला?

विरोधी बाजूही या पुस्तकात आहे आणि ती नीट मांडलेली आहे. त्या काळी संघात बिशनसिंग बेदी होते. एका संघात दोन डावखुरे फिरकी गोलंदाज खेळवायचे नाहीत, हा निर्णय तेव्हाच्या संघरचनेत चूक म्हणता येणार नाही, आणि बेदी शिवलकरांपेक्षा सरस होते असे मानणारे जाणकार थोडेथोडके नाहीत. मला ते मान्य आहे. पण यातून बेदींचे मोठेपण सिद्ध होते. शिवलकरांचे छोटेपण सिद्ध होत नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही तसेच. रणजीत 637 बळी, आजवरचा विक्रम. 1974 साली वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळूर कसोटीत शिस्तीच्या कारणावरून बेदींना वगळले, तेव्हा संधी गोयल यांच्या अगदी हाताशी आली होती. ऐन वेळी संघात दोन ऑफस्पिनर खेळले आणि गोयल बाहेर राहिले. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवरच्या पुस्तकात या दोघांनाही जागा दिली. ज्या फलंदाजाने दोघांनाही खेळून पाहिले, त्याची साक्ष मी निवड समितीच्या इतिवृत्तापेक्षा वजनदार मानतो. 2017 साली भारतीय क्रिकेट मंडळाने दोघांना मिळून सी. के. नायडू जीवनगौरव दिला. शिवलकर तेव्हा 76 वर्षांचे होते. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. 3 मार्च 2025 रोजी ते गेले.

शिवलकरांच्या बाजूने उभे राहणे आमच्यातल्या बहुतेकांना सोपे गेले. पळवणकर बाळू यांच्यापाशी मात्र वादाची पातळीच बदलली. बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, आणि त्यातून भारतातला आपल्या काळचा सर्वांत प्रभावी डावखुरा गोलंदाज घडला. तेव्हाचे मोठे सामने धर्म-समाजनिहाय संघांत होत. हिंदूंच्या संघाला त्यांचे बळी हवे होते. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची दैना झाली, आणि त्याच दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. 1920 साली त्यांच्या भावांनी या प्रश्नावर संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे मंडळी नमली. आणि 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले.

भारताची पहिली कसोटी 1932 सालची. तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. कसोटी सामन्यांची अट लावली तर भारतीय क्रिकेटचा हा पहिला थोर गोलंदाज जन्मसालामुळेच बाद ठरतो. आकड्यांची अट लावली, तर त्या काळच्या कितीतरी सामन्यांच्या नोंदी तुटक. बेसबॉलवाल्यांना आपल्या वेगळ्या लीगांचे आकडे अधिकृत मानायला 2024 साल उजाडले. आपण बाळूंच्या बाबतीत तो प्रश्नसुद्धा नीट विचारलेला नाही. या पुस्तकातला बाळूंवरचा लेख सर्वांत लांब आहे. संपादकांनी तो कापू नये, असा आग्रह मी धरला. मुंबईची सन्मानयादी होणार असेल, तर तिच्यातले पहिले नाव कोणते, यावर माझ्या मनात दुसरे मतच नाही.

सुभाष गुप्ते यांचे प्रकरण याहून वेगळे. त्यांना टोपी मिळाली, 36 कसोटी मिळाल्या, 149 बळीही मिळाले. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावात त्यांनी दहापैकी नऊ गडी बाद केले; दहावा पुण्याच्या वसंत रांजण्यांनी घेतला. गारफील्ड सोबर्ससारखा माणूस त्यांना सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानत असे. 1961 साली इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने तिथल्या एका कर्मचारी स्त्रीला फोन केला, तिने तक्रार केली, आणि शिक्षा दोघांना झाली. सोबत्याला का थोपवले नाही, एवढाच काय तो गुप्ते यांचा दोष. पुन्हा ते भारताकडून खेळले नाहीत. वय होते बत्तीस, म्हणजे लेगस्पिनरच्या आयुष्यातली ऐन बहराची वर्षे पुढेच होती. ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि 2002 साली तिथेच वारले. त्यांच्या 149 बळींची तुलना आजच्या आकड्यांशी करणाऱ्याने आधी हे पाहावे की तो आकडा कुणी थांबवला.

एडलजी यांच्यावरचा लेख छोटा आहे. त्यांचे स्थान आता जगानेच मान्य केलेले असल्याने वादाला जागा कमी. तरी एक गोष्ट नोंदवतो. 20 कसोटींत 63 बळी, हा आकडा वाचताना सामने किती विरळ मिळत होते हेही वाचावे. 1986 साली भारताची कर्णधार म्हणून गेलेल्या या खेळाडूला लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये प्रवेश नाकारला होता. त्यांच्या पिढीतल्या मुंबईच्या इतर मुलींची नावे गोळा करायला आम्ही निघालो, तेव्हा मोठ्या अडचणी आल्या. धावफलकच जपलेले नाहीत. हे काम पुढच्या आवृत्तीत झाले पाहिजे.

आता दुसरी बाजू. दुर्दैव ही पात्रता नव्हे, हे मला तितक्याच ठामपणे म्हणायचे आहे. संधी हुकली म्हणून कुणी थोर ठरत नाही. मुंबईच्या मैदानांवर ‘तो असता तर’ या वाक्याने सुरू होणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतील. पण यादीला केलेले काम हवे. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कुणी सुचवणार नाही. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जे घडवले, ते काम डोळ्यांसमोर आहे. म्हणून प्रशिक्षक या नात्याने त्यांना यादीत मानाची जागा द्यावी, यावर आमच्यात वाद झालाच नाही.

सर्वांत कडू भांडण विनोद कांबळी यांच्यावरून झाले, आणि ते अजून मिटलेले नाही. 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20. 1993 साली लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके : वानखेडेवर 224, दिल्लीत 227. शेवटची कसोटी खेळले तेव्हा वय अवघे तेवीस. एका लेखकाचे म्हणणे असे की कारकीर्द लांबवणे हेही खेळाडूचे कामच आहे, आणि ते इथे झाले नाही. दुसऱ्याने बेसबॉलमधल्या सँडी कोफॅक्सचा दाखला दिला. दुखऱ्या कोपरामुळे तो तिसाव्या वर्षी थांबला आणि तरी पहिल्याच मतदानात निवडला गेला. दाखला पूर्ण लागू पडत नाही, कारण कोफॅक्स तोवर बारा हंगाम खेळला होता. पण या दोघांच्याही नजरेतून एक आकडा सुटला होता, तो मी इथे ठेवतो. प्रथम श्रेणीचे 129 सामने, 9,965 धावा, 35 शतके, सरासरी 59.67. कसोटीची टोपी हे मोजमाप नाही असे एकदा आपण शिवलकरांसाठी म्हटले, की कांबळींनाही त्याच मापाने मोजावे लागते. एकासाठी रणजी मोजायची आणि दुसऱ्याला फक्त कसोटीवरून तोलायचे, हे न्यायाचे नाही. माझे मत त्यांच्या बाजूने आहे. मैदानाबाहेरचे त्यांचे आयुष्य हा त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा विषय आहे, म्हणून पुस्तकात त्याबद्दल एक ओळही घेतलेली नाही.

राहिले अमोल मुझुमदार. 1988 साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज हाच मुलगा होता, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्यांचा खेळ तिच्यामागे झाकला गेला. पुढे फरिदाबादला हरियाणाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणातच 260 धावा, हा जागतिक विक्रम 2018 पर्यंत टिकला. 171 सामने, 11,167 धावा, 30 शतके. 2006-07 साली पहिले तीन सामने हरलेल्या मुंबईला कर्णधार म्हणून त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. भारतीय मधल्या फळीत तेव्हा तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, आणि दार उघडलेच नाही.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक मुझुमदार होते. त्या रात्रीपासून त्यांच्याविषयीची हळहळ थांबली. नियतीने भरपाई केली असे लोक म्हणू लागले. या पुस्तकात त्यांच्यावर दोन लेख आहेत, आणि ते दोन असावेत हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला आहे. एकात प्रशिक्षक आहे. दुसऱ्यात 1994 ते 2014 या वीस वर्षांतला फलंदाज आहे, आणि त्या लेखात विश्वचषकाचा उल्लेखही नाही. वाचकांनी हा दुसरा लेख आधी वाचावा. त्या 11,167 धावा विश्वचषकाच्या आधीच झालेल्या होत्या, आणि त्यांच्यावरचे मतही त्यांच्यापुरतेच द्यायला हवे. माझे मत ‘होय’ असे आहे.